ज्या पाण्याने माणसं भुंकली

एका राज्यात नदीकाठी राजाची बाग होती आणि बागेत राजाचे शंभर कुत्रे हिंडत. शंभर कुत्रे म्हणजे घाणही शंभरांची. पण रीत अशी, की राजाच्या कुत्र्याचं कुणी उचलायचं नाही. सेवक त्यावर झेंडूच्या मूठभर पाकळ्या टाकत आणि म्हणत, बाग फुलली. पाऊस आला की पाकळ्या आणि पाकळ्यांखालचं, सगळं नदीत.

नदीच्या उगमाशी एका मांत्रिकाने पूर्वी शाप ठेवला होता. ज्याची घाण पाण्यात, त्याची वाचा पिणाऱ्याच्या तोंडात. एका वर्षी पावसात घाण फार वाहून आली आणि नदीकाठची माणसं भुंकू लागली. राजवाड्यात पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, तिथे कुणाला पत्ता नाही.

ठकू माळण राजवाड्यात फुलं द्यायची, पाणीही तिथलंच प्यायची; पण घरी नदीचं पाणी पिणारी तिची आठ वर्षांची लेक चंपी, तीही भुंकू लागली. ठकू तडक काठावर गेली. तिथे टिटवी बसली होती.

टिटवी म्हणाली, "ठकूबाई, तीन कामं. अवस सरायच्या आत झाली तर पोरगी बोलेल. नाहीतर जन्मभर भुंकेल."

"सांग."

"नदीपासून लांब, उंचवट्यावर खड्डा खण. बागेतली घाण त्यात टाक. आणि राजाने लाडक्या कुत्र्याचं स्वतःच्या हाताने उचलावं."

"पहिली दोन झाली म्हण," ठकू म्हणाली.

तिने सात दिवस खड्डा खणला, मग सात रात्री लपून टोपल्या वाहिल्या. अवसेच्या सकाळी चंपीचा हात धरून ती बागेत राजासमोर उभी राहिली. राजाचा लाडका कुत्रा ढाण्या नुकताच बसून उठला होता.

"महाराज, ते उचला."

प्रधान ओरडला, "महाराजांचा ढाण्या घाण करत नाही, बाई! प्रसाद देतो."

"मग लावा कपाळाला, प्रधानजी."

राजा म्हणाला, "राजाची कंबर वाकत नाही."

"आणि आमची काय आईच्या पोटातून वाकून आली?"

"धरा हिला!"

शिपायांच्या नाईकाने 'जी महाराज' म्हणायला तोंड उघडलं आणि तो भुंकला. मागचे चाळीस शिपाई भुंकले. छावणीत पाणी नदीचंच होतं; महाराजांसमोर आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं, इतकंच.

"उद्या शत्रू आला तर हेच का?" ठकूने विचारलं.

चंपी बारीक आवाजात भुंकली. ढाण्याने तिला उत्तर दिलं.

मग राजाने पळसाचं पान मागितलं. तो वाकला. कंबर कडकन वाजली, ती साऱ्या बागेने ऐकली. पान हातात घेऊन तो उंचवट्यापर्यंत चालत गेला, खड्ड्यात टाकलं, वर माती लोटली.

नदी नितळ झाली. शिपायांनी घसे खाकरले. चंपी आईवर खेकसली, "किती दिवस मागतेय मी, भाकरी दे!"

त्या राज्यात पुढे कुत्रा घेऊन काठावर येणारा पान घेऊनच येई, राजासुद्धा. तिथली नदी निवळली, तशी तुमच्याही गावची निवळो. नाही निवळली, तर आधी आपापल्या कुत्र्याच्या मागे बघा.