तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

फार मागची गोष्ट आहे, इतकी की गावांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं होती. पलीकडच्या गावात जेवताना दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचं, अशी रीत. अलीकडच्या गावात माणूस म्हणेल ते खरं मानायचं. नको म्हणणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं.

पलीकडची मुलगी अलीकडे सून म्हणून आली.

पहिल्याच दिवशी अर्धी भाकरी वाढून सासूबाईंनी विचारलं, “आणखी वाढू?”

“नको.”

“अगं, चतकोर तरी घे.”

“नको, आई.”

सासूबाईंनी भाकरीची दुरडी उचलली. सुनेनं आपल्या हातानं वाढून घेऊ नये, एवढं मात्र दोन्ही गावांत सारखं होतं.

रोज असंच. भूक आतून म्हणायची, “बाई गं, एकदा हो म्हण की.”

“थांब, उद्या विचारतील तिसऱ्यांदा,” ती समजूत घालायची. तहानेलाही तेच उत्तर. हळूहळू भूक आणि तहान दोघी कमी बोलू लागल्या. मग दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटायचं.

सासूबाई वाईट नव्हत्या. शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, “आमच्या सूनबाईचं खाणं म्हणजे चिमणीचं.”

“नशीबवान आहात. आमची तवा उतरू देत नाही.”

वर्षानं मुलीचा बाप भेटीला आला. दोनदा नको म्हणाला आणि ताटाशी बसूनच राहिला.

“व्याहीबुवा, झालं ना पोटभर?”

“दोनदाच विचारलंत, विहीणबाई,” तो हसला. “आमच्याकडे माणूस तिसऱ्यांदा हो म्हणतो.”

सासूबाई सुनेसाठी ताट वाढून आत धावल्या. सून भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. इतकी वाळलेली त्यांना ती आजच दिसली.

“घे गं बाय. नको म्हणालीस तरी घे.”

“हो, आई,” ती म्हणाली. घास तोंडात घेतला, पण तो खाली उतरेना. भूक केव्हाच गप्प झाली होती.

बापानं आणि सासूबाईंनी आळीपाळीनं पेज भरवून पाहिली. पेरणीच्या आधीच सून गेली.

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. जेवता जेवता मध्येच थांबून म्हणायच्या, “मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.”

म्हणून लहानांनो, मोठ्यांनो, आपल्या पोटाची हाक रीतीखाली दाबू नये, आणि दुसऱ्याची भूक त्याच्या शब्दांवरून मोजू नये.