काळा तवा आणि दुभती शेळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी भरणारा एक बाजार मात्र लोकांच्या आठवणीत राहिला.

पाऊस सरला, आश्विनातले स्वच्छ ऊन पडले, दसरा झाला, की हा बाजार भरे. घरोघरी दिवाळीची आवराआवर चाललेली असे आणि माळ्यावरून निघालेले जुने सामान लोक इथे आणून मांडत. पैशाचे नाव नाही. वस्तू द्यायची आणि वस्तू घ्यायची. कुणी तांब्या देऊन घोंगडी नेई, कुणी पाळणा देऊन कोंबड्या नेई.

पण बाजाराला येत ते बहुतेक पुरुष, आणि त्यांना चकाकीची भारी हौस. त्यामुळे विकणारे पहाटेच चिंच, राख, वाळू घेऊन नदीवर बसत आणि हाताला लागेल ते घासून लखलखीत करत. घासलेले तेवढे खपते, असे त्या मुलखाचे ठाम मत होते. घरी गेल्यावर त्या वस्तूशी झगडायचे ते बायकांनी, त्याचा विचार बाजारात कोण करतो?

त्या वर्षी तान्हूबाई आणि तिचा नवरा कोंडिबा बाजाराला आले ते दुभत्या शेळीसाठी. सून बाळंतपणानंतर तापाने अंथरुणाला खिळली होती आणि तिचे दूध आटले होते. तान्हा नातू भुकेने रडून रडून निपचित पडायचा. पेजेच्या पाण्यावर ते पोर किती दिवस तग धरणार?

देण्याजोगी वस्तू त्यांच्याकडे एकच होती, तान्हूबाईचा लोखंडी तवा. त्या काळी लोखंड दुर्मीळ, चांगल्या तव्याला शेळी मिळायची. हा तवा तिच्या सासूने वापरला, मग तिने वापरला. तेल पिऊन पिऊन तो काळाभोर झाला होता.

कोंडिबा बिचारा रिवाजाचा माणूस. तवा घेऊन तो नदीवर बसला आणि वाळूचा पहिला हात मारला, तोच तान्हूबाई धावत आली.

"अहो, काय करताय हे! ठेवा तो खाली!"

"अगं, येड लागलं का तुला? असला काळाकुट्ट तवा कोण घेतंय?"

"ज्याला न्यायचा त्यानं काळाच न्यावा," असे म्हणून तिने तवा हिसकावून घेतला. तेवढ्यात कडेला दोन बोटे चकाकी आलीच होती. तिला फार वाईट वाटले.

बाजारात तिच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे तवे मांडलेले. लोक तिकडे जात आणि हिच्याकडे बघून हसत. एक जण तर म्हणाला, "मावशी, तवा विकताय का काजळ?"

दुपार कलली. कोंडिबा हळूच म्हणाला, "दे इकडं. अजून उजेड हाय तवर घासून आणतो. पोराकडं बघ जरा."

नातवाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तान्हूबाईचे बळ सरले. तिने तवा उचलून त्याच्या हातात दिला.

नेमकी तेव्हाच एक धनगरीण कळप घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, "तवा पायजे मला! बदल्यात दुभती शेळी देते."

चकचकीत तवेवाले तिच्याभोवती गोळा झाले. ती मात्र खाली बसली. तीन दगड मांडून तिने चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतले.

"गेल्या साली असाच लखलखीत तवा घरधन्यानं नेला," ती म्हणाली. "वर्षभर पोरांनी भाकरीचं तुकडं खाल्लं. औंदा मी आलेय. आधी भाकर, मग शेळी."

पहिला तवा चढला. भाकरी पडली, पाणी फिरले, ती उलटायला गेली तर अर्धी तव्यालाच. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याची त्याहून वाईट. तवेवाल्यांचे चेहरे उतरले.

तान्हूबाईने कोंडिबाच्या हातातून तवा ओढला आणि चुलीवर ठेवला. "यावर टाक, लेकी."

भाकरी पडली, उलटली, तव्यावर सरसर फिरली आणि टम्म फुगली. कड तेवढी एका जागी चिकटली होती. धनगरणीने वाकून पाहिले. ती नेमकी वाळूने घासलेली दोन बोटांची जागा होती.

"इथं कुणी घासलाय गं?" तिने विचारले.

कोंडिबाने हात पाठीमागे लपवले. सगळा बाजार पोट धरधरून हसला, आणि हसता हसता तान्हूबाईच्या नावाने आरोळ्या उठल्या. मघाचा काजळवाला तर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

धनगरणीने कळपातली सगळ्यांत भरल्या कासेची शेळी निवडली आणि दावे तान्हूबाईच्या हातात दिले. तान्हूबाईने निवलेल्या तव्यावरून एकदा हात फिरवला, डोळे पुसले आणि ताठ मानेने घराची वाट धरली. दिवेलागणीला नातवाच्या पोटात कोमट दूध गेले, आणि कितीतरी दिवसांनी ते पोर रडता रडता नाही, तर पिता पिता झोपले.

पुढच्या वर्षी बाजारात पुरुषांबरोबर बायकाही आल्या. ठिकठिकाणी चुली पेटल्या आणि काळे तवे सगळ्यांच्या पुढे मांडले गेले. नदीवर वाळू घेऊन कुणी फिरकले नाही. तान्हूबाईच्या घरी शेळीचे करडू देऊन आणलेला नवा तवा काळा होईपर्यंत कोंडिबाला तुटक्या भाकऱ्या खाव्या लागल्या, पण त्याने तोंडातून ब्रही काढला नाही.

तात्पर्य: वापरून वापरून अंगी मुरलेला गुण चकाकीच्या हौसेपायी घासून टाकू नये.