मुठीएवढं मागणं

हौसाच्या पायांत वहाणा नव्हत्या आणि तिची आई डोंगरापलीकडे तापानं फणफणली होती. निरोप आणला बांगड्या विकणाऱ्या कासारानं. म्हणाला, "मिठागराजवळच्या खोपटात एकटीच पडून आहे बिचारी. सारखं पोरीचं नाव घेते."

आई तिकडे मिठागरावर कामाला गेली होती, हौसाला इकडे मावशीपाशी ठेवून. डोंगराला लांबलचक वळसा घालून एक टांगा जायचा. पण टांगेवाले काही कुणाचं इवलंसं तोंड बघून फुकट नेत नाहीत! मावशीचा पाय मोडलेला. मग उरली पायवाट, थेट जंगलातून आणि पाखरखिंडीतून जाणारी. त्या वाटेचं नाव काढलं की भल्या भल्या मिशीवाल्यांचे चेहरे उतरत.

मावशीनं डोळे पुसत फडक्यात एक भाकरी आणि लालभडक चटणी बांधली. "हौसे, गरिबानं प्रवास करावा तो आपल्या पायांवर, लोकांच्या जिवावर नाही," ती म्हणाली. "पाणवठ्यावर शिदोरी एकटीनं खाऊ नकोस बाळा. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकाच फडक्यावर सोडायच्या, ही पायी जाणाऱ्यांची रीत आहे. आणि दिवस मावळायच्या आत खिंड उतर गं बाई!"

"येते मावशी," हौसा म्हणाली आणि भुर्रकन निघाली. थांबली असती तर रडूच फुटलं असतं.

जंगल दिसायला किती सुंदर! पोपटी पानं, जांभळी फुलं, कोळ्यांच्या जाळ्यांवर दवाचे चमचमते मणी. पण तिथं एकही पाखरू बोलत नव्हतं. आणि वाटेच्या कडेला उभे होते दगड, माणसाएवढे उंच, हिरव्या शेवाळानं माखलेले. एका दगडाला नाकासारखं काहीतरी होतं. दुसऱ्याला चक्क हनुवटी होती. हौसा त्यांच्याकडे न बघता चालत राहिली. तरी तिला वाटत होतं की ते तिच्याकडे बघताहेत.

पाणवठा आला. तिथं चिटपाखरू नव्हतं. हौसाला तर अशी भूक लागली होती की सांगता सोय नाही. पण रीत म्हणजे रीत. तिनं फडकं पसरलं, भाकरीचे दोन तुकडे केले, आणि अर्धी भाकरी चटणीसकट समोरच्या रिकाम्या जागेपुढं ठेवली. "कुणी असाल तर या हो जेवायला," ती हळूच म्हणाली.

समोरच्या भाकरीचा एक कोपरा नाहीसा झाला.

मग दुसरा कोपरा! कुरुम कुरुम असा आवाज येत होता आणि खाणारं कुणीच दिसत नव्हतं. हौसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती उठून पळणार, इतक्यात कुणीतरी ओरडलं, "हाय हाय! किती तिखट आहे गं ही चटणी!"

फडक्यावर एक पिटुकली परी उभी होती. करंगळीएवढी, मोरपंखी झगा घातलेली, चंदेरी पंख फडफडवत ती आपली जीभ वारा घालून थंड करत होती. हौसानं घाईघाईनं तिला पानावर पाण्याचा थेंब दिला.

"हळू बोल हं," परी पाणी पिऊन कुजबुजली. "ते दगड सगळं ऐकतात. तेसुद्धा एकेकाळी इथून पायी जाणारे होते. या पाणवठ्यावर दुसऱ्याची भाकरी खायचे आणि आपली झोळीत लपवायचे. वाटेनं त्यांना ठेवून घेतलं."

हौसाला घाम फुटला.

"तू रीत पाळलीस, म्हणून तुला तीन मागणी देते. पण मुठीत मावेल तेवढंच माग, जास्त नाही. मागितलेलं फार वेळ टिकत नाही. आणि जंगल संपलं की माझं काही चालत नाही. नियम मोडलास तर..." परीनं दगडांकडे बघितलं.

हौसाला लगेच आई आठवली. "मूठभर औषध मागू?"

"मावेल की. पण आत्ता मागितलंस तर पोचेपर्यंत विरून जाईल. जंगलाच्या शेवटच्या वळणावर माग."

हौसानं मनाशी ठरवून टाकलं, एक मागणं आईचं. त्याला हात लावायचा नाही.

दोघी खिंडीत शिरल्या आणि धुकं आलं. इतकं दाट, की हौसाला स्वतःचे पाय दिसेनात. एका बाजूला खोल दरी होती. "मूठभर उजेड दे गं," ती म्हणाली. तिच्या बोटांच्या फटींतून सोनेरी किरणं गळू लागली आणि हौसा पाऊल पाऊल पुढं सरकली.

उजेड विझला तेव्हा धुकं मागं पडलं होतं. पण आता दगड बोलू लागले. "पोरी... ए पोरी... आमच्यात ये... इथंच थांब..." हौसाचे पाय जागीच खिळले. खरंच पायांना दगडासारखं जडपण आलं होतं!

"मूठभर धीर मावतो का गं मुठीत?" तिनं रडत विचारलं.

"मावतो की. थोडासाच लागतो."

हौसानं मूठ मिटली. नुकत्याच भाजलेल्या शेंगेसारखं काहीतरी ऊबदार तळहातात आलं. भीती गेली नाही हं, मुळीच गेली नाही. पण पाय उचलले गेले.

अखेर शेवटचं वळण आलं. खाली मिठाचे पांढरेशुभ्र ढीग दिसत होते, त्यांच्या कडेला आईचं खोपट. सूर्य केशरी होऊन समुद्राला टेकत होता. हौसानं मूठ मिटली, आता औषध मागणार, तोच शेवटचा दगड कण्हला.

"पाणी... बाळा, एवढे ओठ ओले कर गं."

"ऐकू नकोस!" परी तिची वेणी ओढू लागली. "तुझ्याकडे एकच मागणं उरलंय. आई वाट बघतेय!"

हौसा दोन पावलं पुढं गेली. मग थांबली. दगडाला फुटलेल्या ओठांसारखी एक भेग होती. आईला केवढा ताप होता! तिचेही ओठ असेच सुकले असतील आणि तिच्याजवळही पाणी द्यायला कुणी नसेल. हौसाला पुढं जाववेना. आपण आईचं औषध देऊन टाकतोय हे तिला कळत होतं, आणि ती हमसून हमसून रडत होती. तरी ती म्हणाली, "मूठभर पाणी दे."

मुठीतलं पाणी तिनं त्या भेगेवर ओतलं.

कडाड्! दगड उभा चिरला. हौसा किंचाळून मागं पडली. आतून एक म्हातारा बाहेर आला, थरथर कापणारा, खांद्यावर भलीमोठी झोळी असलेला.

"भिऊ नकोस लेकी. मी वैद्य आहे," तो म्हणाला. "या झोळीत औषधं होती आणि भाकरीही होती. पाणवठ्यावर एक आजारी पोर कण्हत होतं. मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. तेव्हापासून इथं उभा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी मागितलं, पण आपल्या वाट्याचं कुणी दिलं नाही." त्यानं डोळे पुसले. "सांग, तुला काय देऊ?"

"माझी आई!" हौसाला एवढंच बोलता आलं. तिनं त्याचा हात धरला आणि ओढतच त्याला उतारावरून नेलं.

खोपटात आई डोळे मिटून पडली होती. वैद्यबाबांनी मुळी उगाळली आणि चमच्यानं तिच्या ओठांत घातली. हौसा श्वास रोखून बघत राहिली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग आईच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले. तिनं डोळे उघडले.

"हौसे? तू? खिंडीतून एकटी आलीस?" आईनं तिला छातीशी ओढलं. "भीती नाही वाटली माझ्या सोन्याला?"

"खूप वाटली गं आई," हौसा म्हणाली, आणि तिच्या कुशीत शिरून पोटभर रडली.

वर, जंगलाच्या टोकाशी, परी हे सगळं बघत होती. तिनं चंदेरी पंख पसरले आणि लख्ख उजेड झाला. क्षणभर सारी खिंड गुलाबी, निळी, सोनेरी झाली. उजेड मावळला तेव्हा परी तिथं नव्हती, आणि पाखरखिंडीत पाखरं बोलत होती.