डब्याच्या गाण्यानंतरचं गाणं

"मग सर, ते गाणं गेलं कुठं?"

एमेट हॅस्कल बटाटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं?"

"शेवटचं. आईचं. गेल्या आठवड्यापर्यंत होतं, काल नव्हतं."

"कागदावर आहे ना?"

"कागदावर आहे हो! पण..."

अच्युत मेहेंदळेने हात झटकले. मिरजेचा हा गडी पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावात येऊन राहिला होता तो या एका म्हाताऱ्यासाठी. आणि म्हाताऱ्याचं सगळं लक्ष बटाट्यांत.

हॅस्कलांनी उभ्या जन्मात अकरा ऑपेरा लिहिले. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा तिकडचा चुलतभाऊ म्हणा, फक्त तिथे बोलणंसुद्धा गाऊनच. अकरापैकी दहा साफ पडले. एक मात्र, 'हार्लोचा घाट', अजून गावोगाव होतो. त्याच्या शेवटी एक विधवा नदीकाठी येते, पलीकडे हाक मारायला छाती भरून श्वास घेते... आणि पडदा पडतो. हाक येतच नाही.

त्या एका श्वासावर विद्वानांनी जाडजाड पुस्तकं लिहिली. अच्युतने ती सगळी वाचली होती. तो शेवट सुचला कसा, हे त्याने आल्या आल्याच हॅस्कलांना विचारलं होतं.

"पडदेवाल्याला घाई होती," हॅस्कल म्हणाले होते.

थट्टा समजून अच्युत मनापासून हसला. हॅस्कल हसले नाहीत. त्या विधवेचं काम हॅस्कलांच्या बायकोनेच केलं होतं, आणि पहिल्या प्रयोगानंतर बाई वर्षभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत, असं गावात म्हणत. कशावरून बिनसलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता अच्युतचा स्वतःचा ऑपेरा उभा राहत होता, त्याच गावच्या जुन्या नाट्यगृहात. खाण कोसळते. एक आई मुलाचा जेवणाचा डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी येते. एकेकाचा मुलगा वर येतो, तिचा येत नाही. ती खाली बसते, डबा उघडते आणि गाते. बस, एवढीच गोष्ट. प्रयोग आठवड्यावर आला होता. तो पडला तर मिरजेला परत येऊन शाळेत पेटी शिकवीन, असा शब्द अच्युतने वडिलांना दिला होता. आणि वडील शब्द विसरणाऱ्यांतले नव्हते.

"सर, मार्था तालमीत गायची तेव्हा..."

मार्था क्विन ही आईचं काम करणारी गायिका. तिकडचे गायक तालमीत पुरा गळा लावत नाहीत. अर्ध्या आवाजात, वरचे सूर खालीच घेऊन, गाणं नुसतं दाखवतात, प्रयोगाला गळा शिल्लक राहावा म्हणून. अच्युत लहानाचा मोठा झाला तो तालमीतही जीव तोडून गाणाऱ्यांत. पहिल्या दिवशी त्याला हा निव्वळ आळस वाटला.

"...गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसली होती, सर. तशीच गायली. रंगमंचावर सुतार फळ्या ठोकत होते, त्यांचे हातोडे थांबले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि काल पुरा पोशाख घालून, पुऱ्या आवाजात गायली... एक सूर इकडचा तिकडे नाही. सगळे म्हणाले, छान. नुसतं छान!"

"मग तिला सांगायचं, अर्ध्या आवाजात गा."

"सांगितलं. आज सकाळी गायली. ते तर सपशेल खोटं वाटलं." अच्युतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माझं डोकं चालेनासं झालंय, सर. पुऱ्या आवाजात मेलं, अर्ध्या आवाजात मेलं. मग तालमीत जिवंत होतं ते काय होतं?"

हॅस्कलांनी आणखी एक बटाटा उचलला.

"तुझ्या या गाण्यानंतर काय आहे?"

"काही नाही. पडदा."

"अजून एक गाणं लिही."

"कोणाचं?"

"त्या बाईचंच. अवघड लिही. डब्याच्या गाण्याहून अवघड."

"पण गोष्ट संपली, सर! मुलगा गेला, डबा उघडला, संपलं!"

"तिचं संपलं?"



हॅस्कलांनी बटाटे पाण्यात टाकले. भेट संपली होती.

घरी येईपर्यंत अच्युत मनातल्या मनात म्हाताऱ्याशी कडकडून भांडला. दुखतंय पोट आणि हे औषध देतात डोळ्यांचं! तरी तो लिहायला बसला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. रागातच बसला. लिहिता लिहिता तो राग म्हाताऱ्यावरचा राहिला नाही, त्या बाईचा झाला. ती खाणीच्या अंधारात वाकून बघते आणि खाणीलाच जाब विचारते. गाणं चढत गेलं, चढत गेलं, आणि अच्युतचा हात काही केल्या थांबेना.

मार्थाने ते वाचून कपाळाला हात लावला.

"माझा गळा घ्यायला निघालायस का रे?"

पण तिचे डोळे चमकत होते. तिने कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले.

"याच्यासाठी मला दम ठेवावा लागेल," ती म्हणाली.

अच्युत उड्या मारतच हॅस्कलांकडे गेला.

"कसं झालंय?" हॅस्कलांनी विचारलं.

"सर, स्वतःच्या तोंडाने सांगू नये... पण इतकं चांगलं माझ्या हातून आजवर काही झालं नाही."

हॅस्कलांनी चष्मा लावला. एकेक पान सावकाश वाचलं. शेवटच्या पानावर ते बराच वेळ थांबले.

"अरेरे," ते म्हणाले.

अच्युत पानांवर वाकला.

"चुकलं कुठं?"

"कुठंच नाही. उत्तम आहे."

"मग अरेरे कशाला?"

हॅस्कलांनी पानं बाजूला ठेवली. दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. बोटांच्या मुळाशी जुने घट्टे होते, पिवळे आणि टणक.

"पोरवयात नेब्रास्कात आमच्या गावच्या नाट्यगृहात मी पडदा ओढायचो. काथ्याचा दोर असायचा. हे अजून गेले नाहीत, बघ."

"बरं... मग?"

"मग काय? बघ."

अच्युतने बघितलं. घट्टे होते. त्यापलीकडे त्याला ओ की ठो कळलं नाही, आणि माणूस म्हातारपणी असं बोलायचाच, अशी समजूत घालून तो घरी गेला.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं. सगळं गाव खाणकामगारांचं. वाद्यवृंदासमोर, वादकांना इशारे द्यायची छोटी काठी हातात घेऊन अच्युत स्वतः उभा होता.

डब्याचं गाणं सुरू झालं. मार्था खाली बसली, झाकण काढलं आणि गायली. पुरा आवाज लावला नाही, आणि अर्धाही म्हणता येईना. पुढे मोठा चढ आहे हे ठाऊक असलेली बाई जशी सपाटीवर जपून पाऊल टाकते, तशी ती गात होती. काहीतरी हातचं राखून.

कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. अच्युतच्या काठीखाली व्हायोलिनवाले जणू श्वास रोखून वाजवत होते. हेच ते! त्याला ओरडावंसं वाटलं. सापडलं!

गाणं संपलं. मार्थाने डब्याला झाकण लावलं. ती उठली, खाणीकडे वळली आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

अच्युतने काठी उंच केली. आता त्याचं गाणं.

पडदा पडला.

काठी हवेत तशीच राहिली. वाद्यवाल्यांचे हात तसेच राहिले. दोर तुटला असणार, अच्युतला वाटलं. मेलो, सगळं मातीत गेलं...

सभागृहात आवाज नव्हता. मग माडीवरून कोणा बाईचा हुंदका आला. मग दुसरा. आणि मग लोक उभे राहिले आणि टाळ्यांनी नाट्यगृह हादरलं.

अच्युतने वळून नमस्कारही केला नाही. तो बाजूच्या दाराने आत धावला.

पडद्यामागे हॅस्कल उभे होते. कोट काढलेला, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांत दोर. त्यांना धाप लागली होती. त्यांच्यासमोर मार्था. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मुठी वळलेल्या होत्या.

"माझं गाणं होतं! पुढे माझं गाणं होतं!"

"होतं, बाई," हॅस्कल म्हणाले. "उद्याही असेल. दम ठेवा."

मार्था त्यांच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून ती पडद्यापुढे गेली आणि टाळ्या आणखी वाढल्या.

अच्युत हॅस्कलांपुढे उभा राहिला. त्याला रडू येत होतं, राग येत होता, आनंदही झाला होता, आणि यातलं नेमकं काय, ते त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

"म्हणजे तुमच्या घाटावरसुद्धा... त्या श्वासानंतर... गाणं होतं?"

हॅस्कल दोर खुंटीला बांधू लागले.

"सर, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं होतं ते!"

"हो."

"आणि ते कोणी ऐकलंच नाही!"

हॅस्कलांनी गाठ पक्की केली. कान सभागृहाकडे लावला. टाळ्या अजून चालूच होत्या.

"ऐकलं की," ते म्हणाले. "आत्ताच तर ऐकलं सगळ्यांनी."