हैबती आचाऱ्याच्या तीन हाका

पाणसरीला रस्ता झाला त्याच्या कितीतरी आधीची, आमच्या आज्याच्या आज्यानंही नुसती ऐकलेली ही गोष्ट. तेव्हा गावात हैबती नावाचा आचारी होता. उंचापुरा गडी, आणि आवाज ढोलासारखा. घरात बायकोशी कुजबुजला तरी नदीपलीकडची गुरं कान टवकारायची, असं म्हणतात.

गावजेवणाला त्याच्या हातची नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि हातसडीच्या तांबड्या तांदळाचा भात असायचा. बास, एवढंच. पण माणसं बोटं चाटत उठायची आणि दुसऱ्या दिवशी म्हातारेकोतारेसुद्धा डोंगर चढून जायचे. स्वभाव मात्र महातिखट. पानात कुणी घास टाकला की हा पळी घेऊन त्याच्यापुढे उभा. तो घास पोटात जाईपर्यंत जागचा हलायचा नाही.

त्याला मूलबाळ नव्हतं. रायाजी पाटलांची सगुणा रांगायला लागली ती त्याच्या चुलीपाशी आली आणि तिथंच वाढली. तिला पहिला घास त्यानंच भरवला होता. तर या सगुणेचं लग्न ठरलं घाटावरच्या मोठ्या घरात, आणि पाटलांना पाहुण्यांच्या पानाची काळजी लागली.

"हैबती, पाहुणे तालेवार आहेत," पाटील म्हणाले. "त्यांच्यापुढं नाचणी वाढली तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? पांढराशुभ्र तांदूळ मागवलाय. साखर, रवा, सगळं येतंय."

"पाटील, याच अन्नावर पोसलात ना तुम्ही? मग त्याची लाज कसली?"

पाटलांनी ऐकलं नाही. उलट घराघरातली नाचणी आणि वरी माळ्यावर लपवायला लावली, हो, चोरीचा माल लपवावा तशी. हैबती मनातून धुमसत होता, पण लग्न सगुणेचं, म्हणून गप्प बसला.

लग्नाचा दिवस उजाडला. खिंडीत चारशे माणसांचं वऱ्हाड दिसायला लागलं, सनई ऐकू यायला लागली, आणि नेमका त्याच वेळी नदीवरचा नावाडी धापा टाकत मांडवात शिरला. सामानाचा तराफा डोहात उलटला होता. तांदूळ, साखर, रवा, सगळं पाण्यात. त्या डोहातले मासे पुढं महिनाभर गोड लागत होते, असं म्हणतात. खरं-खोटं त्या माशांना माहीत.

हसता काय? त्या काळी वऱ्हाड उपाशी उठलं तर नवरी मांडवातच राहायची. सगुणा हळदीच्या अंगानं आत बसली होती. तिच्या कानावर गेलं आणि पोरीचा चेहरा पार उतरला. पाटील पागोटं हातात घेऊन हैबतीपुढं आले. "आता माझ्या पोरीचं कसं व्हायचं रे?"

हैबतीनं दारातूनच सगुणेकडं एकदा पाहिलं. मग तो धावत सुटला आणि देवळाच्या चौथऱ्यावर चढला. छाती भरून त्यानं पहिली हाक दिली ती उगवतीच्या वाडीला. "सगुणेचं लग्न आहे रे! माळ्यावरची नाचणी, वरी काढा आणि घेऊन या!"

ती हाक डोंगरावर आपटली. झाडांवरची सगळी पाखरं उडाली आणि गोठ्यातले बैल उठून उभे राहिले, असं म्हणतात.

दुसरी हाक मावळतीच्या ठाकरवाडीला. "कोनफळं खणा, पावट्याच्या शेंगा तोडा! पण कोनफळाच्या डोक्याचा तुकडा तिथंच पुरा, आणि बियाण्याच्या वेलाला हात लावू नका!"

पाटील खालून ओरडले, "अरे, वऱ्हाड वेशीत आलंय, नुसतं आणा म्हण!"

"का? पुढच्या वर्षी कुणाच्या पोरीचं लग्न नाही?" हैबती म्हणाला.

राहिला धनगरवाडा. तो पार वरच्या कड्यावर, दोन कोसांवर. तिथं आजवर कुणाची हाक गेली नव्हती. हैबतीनं डोळे मिटले, गुडघे रोवले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ताक आणा, मध आणा!" चौथऱ्याचा दगड हादरला. कड्यावरच्या मेंढरांनी माना वळवल्या. हाक पोचली. पण हैबतीचा गळा कायमचा फाटला.

आणि मग जे झालं ते बघायला मिळालं असतं तर! तिन्ही डोंगरांच्या वाटा माणसांनी भरल्या. कुणाच्या डोक्यावर नाचणीचं टोपलं, कुणाच्या खांद्यावर मातीनं माखलेली कोनफळं, कुणी ताकाची मडकी कमरेवर घेऊन पळतंय, कुणी पळसाची पानं टोचत टोचतच चालतंय. बायकांनी जाती मांडली, वीस चुली पेटल्या, आणि हैबती तोंडातून शब्द न काढता पळीनं खुणा करत या चुलीवरून त्या चुलीवर नाचत होता. मंगलाष्टकं संपली तेव्हा पानं वाढून तयार होती.

सगुणेचे सासरे बारा वर्षं पोटाला हात लावून फिरणारे गृहस्थ. अन्न पचायचं नाही त्यांना. भीत भीत त्यांनी एक भाकरी मोडली. मग दुसरी. अशा नऊ भाकऱ्या, वर वरीचा भात, वर मध घातलेली नाचणीची खीर, असं म्हणतात. पानं इतकी स्वच्छ झाली की गावची कुत्री रुसून बसली. पत्रावळी तेवढ्या खतात गेल्या.

"हे काय वाढलंत?" सासऱ्यांनी विचारलं. पाटलांना घाम फुटला. हैबतीनं सांगायला तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला.

तेव्हा सगुणाच बोलली. "आमच्याच शिवारातलं आहे, मामंजी. आम्ही रोज हेच खातो."

सासऱ्यांनी पानातलं शेवटचं शीत उचलून तोंडात टाकलं. मग म्हणाले, "सूनबाई, येताना बियाणं घेऊन या."

हैबतीचा आवाज काही परत आला नाही. पुढच्या वर्षी गावजेवण आलं तेव्हा तो वाड्यांना हाक द्यायला पुन्हा चौथऱ्यावर चढला, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिला. गावाला काय करावं कळेना. सगुणा माहेरी आली होती. ती उठली आणि तिनं डोंगराकडं तोंड करून हाक दिली. मग पाटलांनी दिली, मग पोराबाळांनी, मग अख्ख्या गावानं. एवढा दांडगा गडी, पळी पोटाशी धरून लहान मुलासारखा रडला.

आजही पाणसरीत गावजेवणाची चूल पेटायच्या आधी गाव चौथऱ्यापाशी जमतं आणि माहेरवाशीण पहिली हाक देते. गावाची हाक जिथवर पोचेल तिथवरचंच त्या दिवशी शिजतं. तीन हाका झाल्या की सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात. ती हैबतीची पाळी असते.