बाईंनी केलेली नक्कल

"पण बाई, त्या बड्या कंपन्यांपुढे मी उभा तरी कसा राहू?"

विराज तेंडोलकरने पुन्हा तेच विचारलं.

त्याने एक फ्रेमवर्क बनवलं होतं, म्हणजे वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा. कुणीही फुकट घ्यावा, वाटेल तसा बदलावा, असा खुला परवाना त्यानेच दिलेला. त्यापायी चांगली नोकरी सोडली. आता वापरणारे वाढले नाहीत, तर गाशा गुंडाळायचा.

पोरगा हुशार, प्रश्नच नाही. पण नाक कायम वर!

फणसळकरबाईंनी त्याला तंत्रनिकेतनात शिकवलेलं. त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"त्यांच्यात नाही असं तुझ्यात काय आहे?"

"वेग. आकार लहान. शिकायला सोपं."

बाईंनी दोन-चार कळा दाबल्या. त्याच्या सगळ्या कोडची नक्कल तयार. वर स्वतःचं नाव.

"आता माझ्यातही आहे."

विराज ताडकन उठला. "अहो बाई! हे... हे माझं आहे!"

"परवाना तूच दिलास ना? बस खाली. आता सांग, लोकांनी तुझ्याकडेच का यावं?"

"...लोक ओळखतात मला."

"आणि तू? वापरणाऱ्या एकाचं नाव सांग."



...

बाईंनी त्याचं वापरणाऱ्यांच्या अडचणींचं पान उघडलं. तळाशी चोपड्याचा सलीम तडवी. गावच्या शाळेची वेबसाइट करत होता. 'निकालाच्या पानावर मराठी नावं चुकीच्या क्रमाने लागतात. काय करू?'

दिवाळीपासून विचारतोय बिचारा. उत्तर नाही!

"ते किरकोळ आहे हो," विराज म्हणाला. "मी वेगाच्या चाचण्यांत होतो. बड्यांना मागे टाकायचं तर..."

बाई ऐकतच नव्हत्या. चहा पार निवला. त्यांनी आपल्या नकलेतली चूक दुरुस्त केली आणि ती सुधारलेली नक्कल तडवीला पाठवून दिली.

विराज नखं खात होता.

मग तडवीचं उत्तर आलं. 'जमलं! फार उपकार झाले. आता हेच वापरतो. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांनाही हेच देतो.'

विराज पांढराफटक पडला.

"बाई, काय केलंत हे! तो माझा माणूस आहे!"

बाईंनी लॅपटॉप मिटून त्याच्याकडे सरकवला.

"होता."