खोटफोडीचा बुरूज

कांबरगडाच्या इतर बुरुजांच्या सांध्यांत पिंपळ उगवलाय, वड उगवलाय, कुठे घाणेरी माजलीय. पूर्वेच्या बुरुजावर गवताचं पातंदेखील नाही. दगडाला दगड असा बसलाय की मधे सुई जाणार नाही. गड बघायला येणारी माणसं बुरुजावर चढतात, फोटो काढतात आणि हमखास विचारतात, "आबा, सगळ्या बुरुजांवर झेंड्याची काठी आहे, मग ह्याच्यावरच का नाही?"

आबा म्हणजे पायथ्याच्या वेळशेतचे बाबू सकपाळ. वय शहात्तर, पण गड चढताना तरुणांना मागे टाकतात. गजर करत वर आलेल्या आणि पाण्याच्या बाटल्या तटाखाली फेकणाऱ्या पोरांना ते आधी बाटल्या गोळा करायला लावतात, मगच खाली बसवून ही हकिकत सांगतात. आवाज चढवत नाहीत, पण सांगताना त्यांच्या कपाळाची शीर ताठ होते.

फार मागे, गडावर रंभाजीराव नावाचे किल्लेदार होते तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. त्या साली श्रावणात अठरा दिवस पाऊस खळला नाही आणि पूर्वेचा जुना बुरूज रात्रीतून दरीत गेला. इकडे गनीम घाटाखाली गोळा होत असल्याची खबर होती. रंभाजीरावांनी भरल्या सदरेत बेलभंडारा उचलून शपथ घेतली: दसऱ्याच्या दिवशी नव्या बुरुजावर राज्याचं निशाण चढेल, नाहीतर मी पागोटं घालणार नाही.

काम सुभाना बेलदाराकडे आलं. तो हाडाचा गवंडी. त्याची बायको गोजरा चुन्याची घाणी चालवायची. भट्टीतला चुना खड्ड्यात भिजवायचा, महिनाभर मुरवायचा, मग घाणीच्या दगडी चाकाखाली वाळू, गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालून लोण्यासारखा मळायचा. चुना मुरला की नाही हे ती जिभेच्या टोकावर ठेवून सांगायची. तिच्या जिभेला दोन कामं, म्हणे. एक चुना पारखायचं आणि दुसरं समोरच्याची सालटी काढायचं.

मुरलेला चुना होता तो पाच थरांना पुरला. दगड छातीएवढे चढले आणि खड्डा रिकामा झाला. नव्या भट्टीचा चुना भिजवून जेमतेम चार दिवस झाले होते.

"थांबावं लागंल," गोजरा म्हणाली.

सुभाना किल्लेदाराकडे गेला आणि खाली मान घालून परत आला. "थांबायचं न्हाई. आहे तो दे."

गोजरा स्वतः सदरेवर गेली. रंभाजीरावांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "गनीम दारात आलाय आणि तुला चुना मुरवायचाय? राज्याच्या निशाणाला आडवी येतेस?"

सदरेवरचे शिलेदार हसले. एकजण म्हणाला, "हिच्या माहेरचं कुणी गनिमाकडं न्हाई ना, बघा." तो शब्द खाली वाडीत पोचायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बायका तिला पाहून घागरी बाजूला घेऊ लागल्या. फितूर. ज्या बाईनं दहा वर्षं गडाचा चुना मळला, ती फितूर.

आणि इथेच तिचं चुकलं, असं आबा सांगतात. ती भ्याली. तिनं घाणीला बैल जुंपला आणि कच्चा चुना मळून दिला. एक दिवस, दोन दिवस, असे वीस दिवस. सुभानानं त्यावर बारा थर चढवले. तो चुना वरून झटकन वाळायचा, पांढराशुभ्र दिसायचा. येणारा जाणारा म्हणायचा, काय देखणं काम झालंय! प्रत्येक थराला राज्याच्या नावाचा गजर व्हायचा. तो ऐकला की गोजरा बैलावर खेकसायची, तवा आपटायची. स्वतःवर काढता येत नव्हता तो राग भांड्यांवर निघत होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. गडावर तलवारी, तोफा आणि खाली वाडीत थापी, ओळंबा, छिन्नी, हातोडा. सुभानानं आपली थापी धुतली, तिला झेंडूचं फूल वाहिलं आणि म्हणाला, "घाणीच्या चाकाला हळदकुंकू लाव. वर समदे जमलेत. उद्या निशाण चढणार."

गोजरा कुंकवाचा करंडा घेऊन घाणीपाशी गेली. चाकाला कच्च्या चुन्याचा थर लागलेला होता. तिनं बोट कुंकवात बुडवलं, पण ते पुढे जाईना.

"याला कुंकू लावू?" ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं?"

"गोजरे, सणाचं काही वंगाळ बोलू नगं."

"ह्या चाकानं वीस दिस खोटं दळलंय. मी दळलंय. आन तू ते वळंब्यात बसवलंस!"

तिनं करंडा तिथेच ठेवला, भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि गडाची वाट धरली. सुभाना हाका मारत मागे धावला. अंगातला संताप तिला वर ओढत होता म्हणे. ज्या चढाला माणूस चार जागी बसतो, तो ती न थांबता चढली.

वर बुरुजाला आंब्याचे टहाळे बांधले होते. दुसऱ्या दिवशीच्या निशाणाची काठी उभी झाली होती. तुतारी वाजत होती, गुलाल उडत होता, रंभाजीराव भरजरी पोशाखात उभे होते. कुणाला काही कळायच्या आत गोजरानं पहार भिंतीत घातली.

पहिल्या घावाला वरची पांढरी कातडी उडाली. दुसऱ्या घावाला आतून भुगा सांडला. तिसऱ्याला दगड निखळून तिच्या पायाशी पडला. उलटून बघितला तर धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. चुन्याचा एक कण त्याला धरलेला नव्हता.

"फितूर!" रंभाजीराव गरजले. "धरा हिला! कड्यावरून लोटून द्या!"

दोघांनी तिचे दंड धरले. तेवढ्यात म्हातारा इमामखान पुढे आला. तो गडाचा मुख्य गोलंदाज, उद्या त्याचीच मोठी तोफ या बुरुजावर चढायची होती. त्यानं भिंतीतल्या भगदाडात हात घातला आणि नुसत्या बोटांनी शेजारचा दगड हलवून बाहेर काढला. मग तिसरा. पहार लागलीच नाही.

"हुजूर," तो म्हणाला, "माझी तोफ इथं उडणार. माझी माणसं इथं उभी राहणार. पहिल्याच बाराला आम्ही तोफेसकट दरीत गेलो असतो. कडेलोट करायचाच तर आधी या भिंतीचा करा."

तुतारी थांबली. रंभाजीरावांनी भुगा मुठीत घेतला. तो बोटांतून वाऱ्यावर गेला.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

गोजरानं दंड सोडवून घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं असं काहीजण सांगतात. आबांना ते पटत नाही. ते म्हणतात, तिथं फक्त आग होती.

"चुना मी दिला," ती म्हणाली. "कच्चा हाय, ठावं असून दिला. दगड ह्यानं बसवले. घाई तुमी केलीत, सरकार. आन गजर ह्या समद्यांनी केला. राज्य राज्य म्हणून वरडलात, पर राज्य ज्या भिंतीवर उभं ऱ्हाणार तिला कुणी हात लावून बघितला न्हाई! गनिमाला कशाला फितूर पायजे? आपुनच पुरे हाय की!"

रंभाजीरावांनी डोक्यावरचं पागोटं उतरवलं, काठी आपल्या हातानं उपटली आणि सुभानाला म्हणाले, "उतरव."

बारा थर उतरवायला तीन दिवस लागले. राहिले ते खालचे पाच. त्या साली कांबरगडावर दसऱ्याचं निशाण चढलं नाही. गोजरानं नवा चुना खड्ड्यात मुरत ठेवला आणि खड्ड्याच्या काठावर ठाण मांडलं. घाई करायला कुणी आलं की ती नुसती पहारीकडे बघायची. महिना उलटल्यावर तिनं चुना जिभेला लावला आणि मान हलवली. मग रंभाजीरावांसकट अख्ख्या गडानं वाळू वाहिली.

मार्गशीर्षात गनीम चालून आला तेव्हा बुरूज पुरा झाला नव्हता. नऊ थरच चढले होते. पण त्या नऊ थरांवर अकरा दिवस तोफांचे गोळे आदळले आणि इमामखानाची तोफ त्यांच्यामागून उत्तर देत राहिली. एक दगडही हलला नाही. बाराव्या दिवशी घाटाखालचे तंबू उठले.

पुढे राजाकडून गोजरासाठी सोन्याचं कडं आलं. ते पाहून ती पुन्हा भडकली.

"चुना मुरवून दिला, त्येचं बक्षीस?" ती म्हणाली. "मंग उद्या कुणी पोराला दूध पाजलं म्हणून कडं मागंल! हे न्या परत. द्यायचंच असंल तर एक वचन द्या. ह्या बुरुजावर निशाण नको. दर खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपल्या हातची खोट हितं आणून, स्वतःचं नाव घेऊन फोडायची. त्याबिगर गडावर दसऱ्याचं निशाण चढायचं न्हाई."

वचन मिळालं. गोजरा पुढे खूप जगली. राग काही उतरला नाही, ती रागातच म्हातारी झाली. सुभाना त्या दिवसानंतर तिच्याशी कधी बोलला नाही, असं गावात सांगतात. बेलदारवाडीत मात्र वेगळं ऐकायला मिळतं. तो रोज सकाळी खड्ड्याशी यायचा, चुन्यात बोट घालायचा आणि विचारायचा, "मुरला?" ती म्हणायची, "न्हाई." तो मुकाट्यानं परत जायचा. जन्मभर त्यांचा एवढाच संसार राहिला, आणि तो पुरला.

आजही खंडेनवमीला वेळशेतची माणसं या बुरुजाखाली रांग लावतात. कुंभारीण कच्चं भाजलेलं मडकं आणून फोडते. सुतार सांधा न बसलेलं स्टूल मोडतो. ज्याची खोट हातात धरता येत नाही तो मातीचं ढेकूळ आणतो. शाळेच्या बाई म्हणतात, "मी सुनंदा घाडगे, दोन पोरांना वाचता येत नव्हतं, तरी पुढच्या वर्गात ढकललं," आणि ढेकूळ आपटतात. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो, "तापाची बाई आली होती, मी उद्या या म्हणालो." कुणी हसत नाही, कुणी समजूतही घालत नाही. ढेकूळ फुटलं की पुढचा माणूस पुढे होतो.

दोन वर्षांमागे त्या दिवशी एक पुढारी आले. सहा गाड्या, प्रत्येक गाडीवर झेंडा, आणि देशभक्तीची गाणी लावलेला कर्णा. छातीवर बिल्ला लावून ते सरळ रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्या कुंभारणीनं विचारलं, "सायेब, तुमची खोट?"

ते हसले. "माझी कसली खोट? मी तर देशासाठी आयुष्य वाहिलंय."

म्हातारीनं हातातलं मडकं खाली ठेवलं. तिचा आवाज कर्ण्याच्याही वर गेला.

"मंग बाजूला व्हा," ती म्हणाली. "काम करणारी माणसं खोळंबलीत."